रुबिडियमची साक्ष : प्रस्तावना

लेसरबद्दल पाठ्यपुस्तकांत एक वाक्य हमखास असतं : लेसरचा प्रकाश एकरंगी असतो. वाक्य खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर प्रयोगाला बसणाऱ्याची फसगत होते. लेसर एका वेळी एकच रंग देतो हे खरं. पाच मिनिटांनंतरही तो तोच रंग देईल, याची हमी कोणी दिलेली नसते. थंड अणूंच्या प्रयोगशाळेत निम्मी मेहनत या हमीपायी खर्च होते आणि हे पुस्तक त्या मेहनतीबद्दल आहे.

थोडे आकडे आधीच सांगायला हवेत, नाहीतर पुढचं सगळं काटेकोरपणाचं वेड वाटेल. आपला लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे गडद लाल आणि अवरक्त यांच्या शिवेवरचा डायोड लेसर. त्याची वारंवारता सुमारे ३८४ टेराहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८४ लाख कोटी आंदोलनं. रुबिडियमचा अणू हा प्रकाश शोषतो, पण जेमतेम सहा मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात. एकूण वारंवारतेच्या मानाने हा पट्टा सहा कोटींतला एक भाग आहे. लेसर त्याच्या बाहेर सरकला की अणूच्या लेखी तो नसल्यातच जमा. अणू थंड करायचे तर लेसर या पट्ट्याच्या, म्हणजे अणूच्या शोषणरेषेच्या, किंचित खाली, एक-दोन रेषारुंदींच्या अंतरावर, तासन्‌तास उभा ठेवावा लागतो. तो रेषेच्या वर चढला तर तोच प्रकाश अणूंना थंड करायचं सोडून तापवायला लागतो.

आता लेसरची बाजू बघा. डायोडसमोर ग्रेटिंग बसवून बनवलेल्या लेसरची पोकळी समजा १५ मिलिमीटर लांब आहे. ही लांबी एका नॅनोमीटरने बदलली की वारंवारता २५ मेगाहर्ट्झने हलते, म्हणजे रेषेच्या रुंदीच्या चौपट. पोकळी ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर उभी असेल तर तापमानातला अंशाच्या एक हजारांशाचा फरक नऊ मेगाहर्ट्झना पुरतो. दार उघडून कोणी आत आलं, ए.सी.चा कॉम्प्रेसर सुरू झाला, टेबलाला कोपर लागलं, शेजारच्या खोलीत व्हॅक्यूम पंप चालू केला : लेसरला सगळं कळतं. उत्तम कंट्रोलर आणून तापमान आणि करंट कितीही घट्ट धरले तरी दुपारपर्यंत तो कुठेतरी निघून गेलेला असतो. त्याला बाहेरचा कोणीतरी हवा, जो स्वतः हलत नाही आणि लेसर हलला की सांगतो.

हा बाहेरचा कोण, याला उत्तरं अनेक आहेत. खास काचेची पोकळी हा एक आधार. थोड्या वेळापुरता तो फार उत्तम, पण काचही वर्षानुवर्षं अगदी सावकाश आक्रसत राहते. वेव्हमीटर आकडा दाखवतो, पण त्यालाच अधूनमधून एखाद्या ओळखीच्या लेसरसमोर उभं करून सुधारून घ्यावं लागतं. अणूचं तसं नाही. पुण्यातल्या काचनळीतला रुबिडियम-८७ आणि अमेरिकेत बोल्डरमधल्या काचनळीतला रुबिडियम-८७ यांच्यात तिळाइतका फरक नाही. तो झिजत नाही, जुना होत नाही. (तांत्रिकदृष्ट्या रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे, पण त्याचं अर्धायुष्य ४,९०० कोटी वर्षांच्या घरात असल्याने आपल्या नळीतला साठा संपण्याची धास्ती नको.)

अणूला मानक मानण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. १९६० मध्ये मीटरची व्याख्या पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या धातूच्या पट्टीवरून उठून क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी प्रकाशावर आली. त्याच वर्षी मेमनचा पहिला लेसरही उजळला. क्रिप्टॉनच्या दिव्याहून कितीतरी शुद्ध प्रकाश हाताशी आला होता, पण तो जागचा हलत असल्याने मानक व्हायच्या लायकीचा नव्हता. १९६९ मध्ये बार्गर आणि हॉल यांनी बोल्डरला हीलियम-निऑन लेसर मिथेन वायूच्या एका रेषेला बांधला, म्हणजे त्याची वारंवारता त्या रेषेवर धरून ठेवली. त्याच वर्षी कॅनडात हेन्स आणि डालस्ट्रॉम यांनी ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर आयोडीनच्या बाष्पाला बांधला. पुढे १९७२ मध्ये बोल्डरच्याच सरकारी मानक प्रयोगशाळेत मिथेनला बांधलेल्या लेसरची वारंवारता आणि तरंगलांबी दोन्ही मोजून प्रकाशाचा वेग काढला गेला : सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर, अनिश्चितता १.१ मीटर. आणि गंमत अशी की उरलेली अनिश्चितता मुख्यतः मीटरच्या व्याख्येतली होती! मोजणारा पुढे गेला होता, मोजपट्टी मागे राहिली होती. १९८३ मध्ये मग उलटी चाल केली गेली : प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवून टाकला आणि मीटर त्यावरून काढायचा असं ठरलं. आज चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या गेज ब्लॉकचं माप ज्या कॅलिब्रेशनच्या साखळीने मीटरला जोडलेलं असतं, तिच्या वरच्या टोकाला आयोडीनला बांधलेला लाल लेसर सापडतो. एका काचनळीतल्या चिमूटभर बाष्पावर एवढा मोठा डोलारा उभा आहे.

आपल्या पुस्तकात मात्र आयोडीन नाही, रुबिडियम आहे. याचं कारण वैज्ञानिक कमी आणि बाजारातलं जास्त. १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली आणि ती वाचायला ७८० नॅनोमीटरचे डायोड लेसर लागले. ते प्रचंड संख्येने बनू लागले आणि स्वस्त झाले. रुबिडियमची एक ठळक रेषा ७८०.२४ नॅनोमीटरवर आहे, हा निव्वळ योगायोग. गाणी वाजवण्यासाठी बनवलेला डायोड थोडा गरम-गार केला की रुबिडियमला गाठतो. बोल्डरमध्ये कार्ल वीमन आणि सहकाऱ्यांनी या स्वस्त डायोडांसमोर ग्रेटिंग लावून त्यांना शिस्त लावली, आणि १९९२ मध्ये मॅकॲडम, स्टाइनबाख आणि वीमन यांनी असा लेसर व त्याच्यासोबतचा स्पेक्ट्रोमीटर कसा बांधावा याचा अध्यापनाला वाहिलेल्या एका नियतकालिकात तपशीलवार लेख लिहिला. त्या लेखावरून जगभर किती लेसर बांधले गेले असतील याची गणती नाही. १९९५ च्या जूनमध्ये कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियम-८७ चं बोस-आइन्स्टाइन संघनन करून दाखवलं, म्हणजे सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्यात सुरू केलेलं गणित प्रत्यक्षात उतरवलं, तेही डायोड लेसर वापरूनच.

आता मुख्य अडचणीकडे. रुबिडियमची रेषा सहा मेगाहर्ट्झ रुंद आहे असं वर म्हटलं, पण नळीतून लेसर पाठवून पाहिलं तर ती तशी दिसत नाही. खोलीच्या तापमानाला नळीतले अणू शेदोनशे मीटर प्रतिसेकंद वेगाने सैरावैरा धावत असतात. अणू किरणाच्या दिशेने एक मीटर प्रतिसेकंद वेगाने चालला तरी त्याला लेसरची वारंवारता १.३ मेगाहर्ट्झने वेगळी भासते. समोरून येणाऱ्याला ती वाढलेली वाटते, पळणाऱ्याला घटलेली. हे सगळे अणू मिळून रेषेला फासटून ५०० मेगाहर्ट्झ रुंद करून टाकतात. सहाची रेषा पाचशेच्या खड्ड्यात बुडते. या खड्ड्याला लेसर बांधणं म्हणजे त्याला नुसतं आवारात सोडून देणं.

यावरचा उपाय भौतिकीतल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक आहे असं माझं मत आहे, आणि तो शिकवताना घाई होऊ नये. एकाच लेसरचे दोन किरण करायचे : एक जोरकस, त्याला पंप म्हणतात, आणि एक फिका, तो प्रोब. दोघांना एकाच नळीतून समोरासमोर पाठवायचं. लेसर रेषेपासून दूर असेल तेव्हा पंपाला एका वेगाचे अणू दिसतात आणि प्रोबला बरोबर उलट दिशेला त्याच वेगाने जाणारे. दोघांचे गट वेगळे, एकमेकांचा संबंध नाही. पण लेसर नेमका रेषेवर आला की दोघांनाही एकच गट दिसतो : किरणाच्या दिशेने ज्यांचा वेग शून्य आहे ते अणू. पंपाने त्यांना आधीच गुंतवून ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रोबला शोषायला फारसं कोणी उरत नाही, आणि रुंद खड्ड्याच्या तळातून एक अरुंद सुळका वर येतो. लाखो धावणाऱ्या अणूंच्या गर्दीतून न थंड करता, न पकडता, फक्त उभे असलेले अणू वेचून काढले. मूळ कल्पना विलिस लॅम्ब यांची; १९६३ मध्ये गॅस लेसरच्या आतच असा खळगा दिसला होता. सत्तरीच्या सुरुवातीला स्टॅनफर्डला थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी तो लेसरबाहेरच्या नळीत आणून स्पेक्ट्रोस्कोपीचं हत्यार बनवला. (रुबिडियममध्ये पंप बहुतेक काम अणूंना उत्तेजित अवस्थेत अडकवून करत नाही, तर त्यांना दुसऱ्याच मूलभूत पातळीत ढकलून देऊन करतो. हा फरक तिसऱ्या प्रकरणात आहे आणि सुळक्यांची उंची कळायला तो लागतोच.)

ऑसिलोस्कोपवर हे कसं दिसतं ते सांगणं भाग आहे, कारण पुस्तकातल्या आकृत्या फार स्वच्छ असतात. ग्रेटिंग हलवणाऱ्या पीझोला त्रिकोणी व्होल्टेज देऊन लेसर पुढेमागे फिरवला की नळीच्या शेजारी टेकवलेल्या साध्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर किरणाची पांढुरकी रेघ लुकलुकते. ती लुकलुकली की समजायचं, रुबिडियम सापडला. स्कोपवर तेव्हा चार खड्डे उमटतात : कडेचे दोन रुबिडियम-८७ चे, मधले दोन रुबिडियम-८५ चे. निसर्गात ८५ हा समस्थानिक ७२ टक्के, म्हणून मधले खड्डे खोल. आता पंप किरण प्रोबवर आणायचा. आरशाचा स्क्रू केसभर फिरवला की खड्ड्याच्या तळाशी काहीतरी खरखरतं, अजून केसभर फिरवला की एकदम दात उगवल्यासारखे सुळके उभे राहतात. रुबिडियम-८७ च्या खालच्या वारंवारतेच्या खड्ड्यात सहा सुळके असतात. सहांतले तीनच खरे. उरलेले तीन क्रॉसओव्हर, म्हणजे दोन खऱ्या रेषांच्या बरोबर मधे येणारे. ज्या अणूला पंप एका रेषेवर गाठतो आणि प्रोब दुसऱ्या रेषेवर, त्याच्यामुळे हे उगवतात. आणि नेमके हेच सहसा सर्वांत उंच असतात. सर्वांत उंच सुळका म्हणजेच रेषा असं समजणाऱ्याचा लेसर १३३ मेगाहर्ट्झ खाली बांधला जातो, आणि मग अणू का पकडले जात नाहीत म्हणून व्हॅक्यूम तपासणं सुरू होतं.

सुळका मिळाला, आता लेसर त्यावर बसवायचा. इथे एक पेच आहे. शिखरावर असताना लेसर डावीकडे घसरला तरी सिग्नल कमी होतो, उजवीकडे घसरला तरी कमीच होतो. किती घसरला ते कळतं, कुठे घसरला ते कळत नाही. शिखराऐवजी उतारावर बांधला तर बाजू कळते, पण मग लेसरची शक्ती जरा कमी झाली तरी सर्किटला वाटतं वारंवारता हलली. तंबोरा लावणारा काय करतो? तार स्वराजवळ आली की मणी थोडा वर, थोडा खाली सरकवून पाहतो. स्वराच्या दोन्ही बाजूंना जाऊन आल्याशिवाय नेमका स्वर लागत नाही. लेसरलाही तसंच मुद्दाम हलवायचं. करंटमध्ये अगदी बारीक, ठरावीक वारंवारतेची थरथर मिसळायची आणि सुळक्यावरचा सिग्नल त्या थरथरीशी ताडून पाहायचा. उतार चढता असेल तर सिग्नल तिच्यासोबत हलतो, उतरता असेल तर तिच्या उलट, आणि शिखरावर त्या वारंवारतेचा सिग्नलच उरत नाही. या ताडून पाहण्यातून जो वक्र मिळतो तो शिखरावर शून्यातून जातो, एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण. हा एरर सिग्नल. तो मिळाला की पुढचं काम नियंत्रणाच्या नेहमीच्या सर्किटचं : सावकाश दुरुस्ती पीझोकडे, चपळ दुरुस्ती करंटकडे. पहिल्यांदा लॉक लागतो तेव्हा स्कोपवरचा वेडावाकडा वक्र अचानक सरळ रेघ होतो. ते पाहिलेल्याला मग वर्णन वाचण्यात रस उरत नाही.

थरथर नको असेल तर इतर वाटा आहेत. वीमन आणि हेन्श यांची १९७६ ची ध्रुवण स्पेक्ट्रोस्कोपी, चुंबकीय क्षेत्राने रेषा दुभंगून दोन भागांची वजाबाकी करणारी १९९८ ची पद्धत, आणि पंपावरची थरथर अणूंकरवी प्रोबवर उमटवणारी मॉड्युलेशन ट्रान्सफर. प्रत्येकीला एकेक प्रकरण दिलं आहे. शेवटची पद्धत मला सर्वांत विश्वासाची वाटते, त्याचं कारण पुढच्याच मुद्द्यात येतं.

तो मुद्दा असा, आणि या पुस्तकाचा आग्रह म्हणावा तर तोच. लॉक लागलेला लेसर आणि खरा लेसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्किटला अणू दिसत नाही, एरर सिग्नलचं शून्य दिसतं. ते शून्य रेषेच्या मध्यावरून सरकलं तर सर्किट इमानेइतबारे लेसरला त्याच्या मागे नेतं आणि स्कोपवरची रेघ तितकीच सरळ राहते. शून्य सरकवणारे पुष्कळ आहेत. करंट हलवला की वारंवारतेबरोबर शक्तीही हलते, त्यामुळे सिग्नलखाली एक तिरपी जमीन तयार होते. ॲम्प्लिफायरचा ऑफसेट खोलीच्या तापमानासोबत सरकतो. नळीजवळ चुंबकीय तळाचा स्टँड कोणी ठेवला, किंवा ऑप्टिकल आयसोलेटर, ज्याच्या पोटात दणकट चुंबकच असतो, नळीला खेटून बसवला, तर रेषाच हलते : वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशात अणू थंड करण्याच्या रेषेचं टोक एका गॉसला १.४ मेगाहर्ट्झ सरकतं. यांपैकी काहीही घडलं तरी लॉक सुटत नाही. सुटला असता तर बरं, निदान कळलं असतं.

म्हणून आजकालच्या तयार लेसरवरच्या 'ऑटो-लॉक'च्या बटणाबद्दल मी साशंक आहे. बटण वाईट नाही; ते दाबणाऱ्याने त्याआधी सुळके ओळखलेले नसतात, ही अडचण. आणि लेख-प्रबंधांतून लॉकच्या आतल्याच सिग्नलची थरथर मोजून 'आमचा लेसर इतका स्थिर' असा जो आकडा दिला जातो, त्याला मी पुरावा मानत नाही. आरोपीनेच स्वतःसाठी दिलेली ती साक्ष आहे. स्वतंत्र साक्ष हवी असेल तर दुसरा लेसर बांधावा, दुसऱ्या नळीला, दुसऱ्या सर्किटने, आणि दोघांचे किरण एका फोटोडायोडवर एकत्र आणून फरकाची वारंवारता रात्रभर नोंदवावी. दोघेही एकाच नमुन्याचे असतील तर दोघांची सारखी खोड त्यातही लपून जाते. म्हणून जमल्यास एक लेसर वेगळ्या पद्धतीने बांधावा. मॉड्युलेशन ट्रान्सफरबद्दलचा माझा कल इथून आला : तिच्यात तिरपी जमीन जवळजवळ नसते आणि अणू थंड करायला लागते तीच रेषा इतर सुळक्यांवर मात करून उठून दिसते.

हे सगळं मराठी वाचकासमोर आता ठेवण्याचं निमित्त आहेच. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली आणि त्यातल्या क्वांटम संवेदन व मापन या शाखेचं केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये थंड रुबिडियमवर काम चालतं. त्याच वर्षी मेमध्ये झेपावलेल्या एनव्हीएस-०१ या नाविक मालिकेतल्या उपग्रहात देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ बसवलेलं होतं. त्या घड्याळात लेसर नसतो, रुबिडियमचाच दिवा असतो, आणि बांधलेली असते ती प्रकाशाची नव्हे तर ६.८ गिगाहर्ट्झची सूक्ष्मतरंग वारंवारता. पण चुकीचं शून्य कसं येतं आणि ते कसं पकडायचं, हा प्रश्न तिथेही तोच. या कामांना हात लागतील, आणि ते हात एमएस्सीच्या प्रयोगशाळेतूनच यायचे आहेत.

पुस्तकाची रचना सरळ नाही. लेसर बांधणीचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि त्यात आपल्याकडच्या हवेचा विचार आहे, जो परदेशी पुस्तिकांत नसतो. मुंबईच्या जुलैत डायोड १५ अंशांवर चालवत असताना ए.सी. बंद पडला तर डायोडवर पाणी जमतं आणि तो मरतो. पेटी हवाबंद करून आत सिलिका जेलची पुडी टाका, किंवा पावसाळ्यापुरता २५ अंशांच्या वर चालेल असा डायोड निवडा. वीज गेल्या-आल्याचा झटका करंट ड्रायव्हरपर्यंत पोहोचू नये म्हणून काय करावं तेही तिथेच आहे. उलट, अतिस्थिर पोकळ्या आणि फ्रिक्वेन्सी कोंब यांना मी दोन-चार पानांत आटोपतं घेतलं आहे. त्यांवर इतरांनी चांगलं लिहिलेलं आहे. ज्यांच्याकडे तयार लेसर आहे त्यांनी दुसरं प्रकरण खुशाल सोडावं. चौथं, सुळके ओळखण्याचं, सोडू नये. त्यात दिलेला खड्ड्यांचा नकाशा स्वतःच्या स्कोपवर उतरवून घेऊन, प्रत्येक सुळक्यावर पेन्सिलीने नाव घालून मगच पाचव्याकडे वळावं.

एक सूचना प्रयोगाआधीची. ७८० नॅनोमीटर डोळ्याला फार फिका लाल दिसतो. पन्नास मिलिवॅटचा किरण कागदावर मंद ठिपका वाटतो, पापणी आपोआप मिटत नाही आणि दृष्टिपटल भाजून निघतं. किरण टेबलाच्या पातळीतच ठेवा, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची आणि किरणाची उंची एक होऊ देऊ नका, घड्याळ आणि अंगठ्या काढून ठेवा, आणि या तरंगलांबीसाठीचा चष्मा चढवल्याशिवाय पहिलं पान उघडून टेबलाशी जाऊ नका.